‘इन्किलाब’ : मराठी मुलखातील एका उर्दू दैनिकाची वाटचाल

वाचनालयाच्या शताब्दी-स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा एखाद्या मराठी नियतकालिकाचा इतिहास मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मराठीच्या प्राध्यापकाने उर्दू वर्तमानपत्रावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या विषयाची ओढ मला याच वाचनालयात लागली, म्हणून तो येथेच मांडणे योग्य, असे मला वाटते.

मी महाविद्यालयात शिकत असतानाची गोष्ट. संध्याकाळी वृत्तपत्रांच्या लांब मेजाशी एक वृद्ध शिंपीकाम करणारे गृहस्थ येऊन बसत. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. नागपूरहून आलेला मराठी अंक ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचीत, आणि वाचून झाला की घडी घालून जागेवर ठेवीत. अशी घडी घालणारे वाचक तेव्हाही थोडेच होते. त्यांचा एक आप्त मुंबईला कामाला होता. तो गावी आला म्हणजे ‘इन्किलाब’चे जुने अंक बांधून आणी, आणि पुढचे काही दिवस चाचा मराठी अंकाबरोबर तेही काखेत मारून येत. एकदा मी कुतूहलाने ते पान हाती घेतले तेव्हा ते म्हणाले, “पोरा, हे जुळवलेलं नाही, लिहिलेलं आहे. अक्षर न् अक्षर हातानं.” दैनिक वर्तमानपत्र हाताने लिहिले जाते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले. माझा विश्वास बसला नव्हता.

उर्दू वृत्तपत्रसृष्टी ही आपल्या मराठीपेक्षा वयाने वडील आहे. ‘जाम-ए-जहाँ-नुमा’ हे पहिले उर्दू पत्र कलकत्त्यास मार्च १८२२ मध्ये निघाले. त्याचे मालक हरिहर दत्त आणि संपादक सदासुखलाल. ही दोन नावे वाचून ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांनी आपल्या मनातील उर्दूचे चित्र जरा तपासून पाहावे. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी अवतरले. पुढे ‘दिल्ली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी देहदंड दिला. अलीगढच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’चे हसरत मोहानी हे तर लोकमान्यांना गुरुस्थानी मानणारे. ज्या १९०८ साली टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, त्याच साली आपल्या मासिकातील एका लेखापायी मोहानींनाही सक्तमजुरी भोगावी लागली. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा त्यांनीच दिली, असे मानले जाते. भगतसिंगांमुळे ती देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली, आणि मराठी माणसानेही ती भाषांतर न करता जशीच्या तशी उच्चारली.

या पूर्वपीठिकेत अधिक न रेंगाळता चाचांच्या त्या वाक्याकडे वळतो, कारण या इतिहासाचे मर्म मला त्यात दिसते.

उर्दू ज्या वळणाने लिहितात त्याला नस्तालीक म्हणतात. देवनागरीत शिरोरेषेखाली अक्षरे ओळीने उभी असतात. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली घसरत जातो. एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि एकटे असताना वेगवेगळे रूप घेते. मध्ये असताना तर शेजारी कोण आहे ते पाहून त्याचे वळण बदलते. असे लेखन शिशाच्या खिळ्यांत बसवायचे तर हजारो निरनिराळे खिळे पाडावे लागतील, आणि ते जुळवणारा खिळेजुळारी कुठून आणायचा? अरबीची नस्ख ही लिपी खिळ्यांत बसते. मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्यास ‘अल-हिलाल’ काढले तेव्हा त्यांनी धाडसाने खिळ्यांचाच अवलंब केला. परंतु सामान्य उर्दू वाचकाच्या डोळ्यांना ते वळण कधी मानवले नाही. त्याला नस्तालीकच हवी होती.

म्हणून उर्दू वृत्तपत्रांनी शिळाप्रेसचा आश्रय घेतला आणि शतकाहून अधिक काळ तो सोडला नाही. बातमी आली की ती कातिबाकडे जाई. कातिब म्हणजे सुलेखक. गुडघ्यावर पाटी टेकवून, बोरू शाईत बुडवून तो खास लेप दिलेल्या पिवळसर कागदावर स्तंभच्या स्तंभ लिहून काढी. मथळे लिहिण्याचा मान अनुभवी कातिबाचा. तो कागद शिळेवर उलटा दाबून छाप उमटवीत. पुढे शिळेची जागा धातूच्या पत्र्याने आणि छायाचित्रणाने घेतली, पण लिहिणारा हात तोच राहिला. मध्यरात्री मोठी बातमी आली तर खिळे उचलून बदलता येतात, लिहिलेला स्तंभ मात्र नव्याने लिहावा लागतो. मुद्रितशोधनात चूक सापडली तर कातिब ती खरवडून तेवढ्याच जागेत दुरुस्ती बसवी. कातिबाचा हात दुखला की अंकाला उशीर, असे ते गणित होते.

मराठीच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण हाच प्रश्न एके काळी आपल्यापुढेही होता. आपलीही एक धावती, अक्षराला अक्षर जोडणारी लिपी होती. पेशवाईचे सारे दप्तर मोडीत आहे. विल्यम केरीने श्रीरामपूरला आपला मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांतच छापला होता. परंतु छापखान्याला बाळबोध सोयीची पडली. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे इतके देखणे खिळे पाडले की मोडीचा विचार करण्याचे कोणास कारणच उरले नाही. प्रथम ती ग्रंथांतून गेली, मग शाळेतून, शेवटी खासगी पत्रांतूनही. आज आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचे कागद निघतात आणि घरात ते वाचणारा कुणी नसतो. आपण यंत्रासाठी लिपी सोडली आणि त्याच्या मोबदल्यात स्वस्त, शुद्ध, भरभर छापलेले वाङ्मय मिळवले. उर्दूने लिपी राखली आणि त्याच्या मोबदल्यात छपाईचा विलंब, खर्च व मागासलेपणाचा शिक्का पत्करला. कोणाचा सौदा बरा, हे ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. मोडीविषयी माझ्या मनात हळहळ आहे एवढेच सांगतो.

आता मुंबईकडे वळू. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील विणकर मोठ्या संख्येने दक्षिणेकडे सरकले. गिरणीच्या कापडाने त्यांचे माग आधीच बंद पाडत आणले होते, उठावानंतरच्या दडपशाहीने उरलेसुरले संपवले. मोमीन किंवा अन्सारी म्हणवणारे हे लोक मालेगाव, भिवंडी, मुंबईचे मदनपुरा येथे वसले. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे कामठी आणि नागपूरचा मोमिनपुरा. या श्रमजीवी वस्त्यांतून उर्दू बोलणारा, आणि हळूहळू उर्दू वाचणारा, एक वर्ग महाराष्ट्रात तयार झाला. १८७४ साली बद्रुद्दिन तय्यबजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामसारख्या संस्थांनी त्याला शाळा दिल्या. खिलाफत चळवळीच्या काळात ‘खिलाफत’ हे दैनिक मुंबईतून निघू लागले. ‘अजमल’, ‘हिंदुस्तान’ ही दैनिकेही मुंबईचीच. सआदत हसन मंटो १९३६ साली या शहरात आला तो ‘मुसव्विर’ या साप्ताहिकाच्या संपादनासाठी. चित्रपटांचा धंदा उर्दू लेखकांना मुंबईकडे खेचत होता आणि त्यांतले कित्येकजण वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतूनही काम करीत होते.

या वातावरणात १९३८ साली अब्दुल हमीद अन्सारी यांनी ‘इन्किलाब’ सुरू केले. अन्सारी हे स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले गृहस्थ, आणि पत्राचे नाव त्या काळाच्या तोंडी असलेले. याच नावाचे एक दैनिक लाहोरला गुलाम रसूल मेहर आणि अब्दुल मजीद सालिक यांनी १९२७ मध्ये काढले होते. ते १९४९ मध्ये बंद पडले. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून हा उल्लेख. मुंबईचे ‘इन्किलाब’ मात्र टिकले, आणि कसे टिकले हाच खरा प्रश्न आहे.

कारण फाळणीने उर्दू वृत्तपत्रांचा पायाच हलवला. वाचकांचा मोठा वर्ग आणि लाहोर-कराचीसारखी केंद्रे सीमेपलीकडे गेली. लाहोरची ‘प्रताप’, ‘मिलाप’ ही हिंदू मालकांची उर्दू दैनिके बिऱ्हाड उचलून इकडे आली. जालंधरला लाला जगतनारायण यांनी १९४८ साली ‘हिंद समाचार’ हे उर्दू दैनिक काढले आणि ते उत्तम चालले. परंतु वर्षे गेली तशी एक गोष्ट उघड झाली. बाप उर्दू वाचतो, मुलगा वाचत नाही. पंजाबातील निर्वासित हिंदू-शीख कुटुंबांत उर्दू ही बापाच्या पिढीबरोबर संपत होती. १९६५ मध्ये त्याच घराण्याने हिंदी ‘पंजाब केसरी’ सुरू केले, आणि धाकटे भावंड पाहता पाहता थोरल्याच्या कितीतरी पुढे निघून गेले. उत्तर प्रदेश हे तर उर्दूचे माहेर. तेथे १९५१ च्या कायद्याने हिंदी ही एकमेव राजभाषा झाली, आणि उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९८९ साल उजाडले. मधल्या काळात त्रिभाषा सूत्रातील तिसरी जागा बहुतेक शाळांत संस्कृतने घेतली. घरात उर्दू बोलणारे मूल शाळेत देवनागरी शिकून बाहेर पडले. भाषा कानांत राहिली, डोळ्यांतून गेली.

न्यायाने हेही सांगावयास हवे की उर्दू सर्वत्र सोसणारीच होती असे नाही. निजामाच्या राज्यात ती सत्तेची भाषा होती, आणि मराठवाड्यातील मराठी मुलांनी तिच्यामुळे सोसले. शाळा मातृभाषेची नसली म्हणजे काय होते हे त्या पिढीला विचारावे. पण त्याच हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा उघड पुरस्कार केला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली, हेही विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात चित्र निराळे राहिले. येथे उर्दू माध्यमाच्या शाळा चालू राहिल्या. मुंबई महानगरपालिकेच्या, जिल्हा परिषदांच्या, खासगी संस्थांच्या. बालभारती मराठीप्रमाणे उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवली. उत्तर प्रदेशात हा आकडा सुमारे १ कोटी ८ लाख, म्हणजे अधिकच. परंतु मातृभाषा नोंदवणे निराळे आणि सकाळी चहाबरोबर ती वाचणे निराळे. भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा पालिकेच्या शाळेत नस्तालीक शिकला, म्हणून पुढे तो ‘इन्किलाब’चा गिऱ्हाईक झाला. संपादकांची लेखणी, मालकांचे कौशल्य, जाहिरातींचे उत्पन्न हे सारे आवश्यकच, पण पहिला आधार त्या प्राथमिक शाळेतील मास्तरांचा आणि बाईंचा. एवढे साधे कारण वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच लिहिलेले आढळते, कारण तो इतिहास बहुधा संपादक लिहितात.

‘इन्किलाब’च्या संपादकपदी लेखन-अध्यापनाच्या क्षेत्रातील माणसेही आली. फुजैल जाफरी हे उर्दूतील नावाजलेले कवी-समीक्षक. औरंगाबादेस महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले होते, आणि नंतर ते या दैनिकाचे संपादक झाले. प्राध्यापकाने रोजच्या बातमीच्या रगाड्यात शिरावे हे आमच्या वर्गाला सहसा मानवत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम केला. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगली आणि पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाची दीर्घ चौकशी, या काळात एकाच शहरातील मराठी वाचक आणि उर्दू वाचक रोज सकाळी जणू दोन वेगळ्या शहरांच्या बातम्या वाचीत होते. एकमेकांची वर्तमानपत्रे वाचू शकणारी माणसे दोन्हीकडे बोटांवर मोजण्याएवढी. आमचे चाचा त्यांपैकी एक होते, आणि असे वाचक शहरातच भेटतात असे नाही.

अब्दुल हमीद अन्सारींचे चिरंजीव खालिद अन्सारी यांनी अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेतले, परतल्यावर ‘स्पोर्ट्सवीक’ काढले आणि १९७९ साली ‘मिड-डे’ हे इंग्रजी सायंदैनिक सुरू केले. उर्दू दैनिकाच्या घरातून इंग्रजी दैनिक जन्माला आले. देशी भाषांच्या वृत्तपत्रांकडे नाक मुरडणाऱ्यांनी ही वंशावळ लक्षात ठेवावी. ताडदेवच्या एकाच पत्त्यावर दोन्ही कारभार चालत.

दरम्यान कातिबाचा प्रश्न सुटला, आणि सुटता सुटता कातिबच नाहीसा झाला. पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांचे हजारो जोड हाताने लिहून ते यंत्रात बसवले. त्यातून ‘नूरी नस्तालीक’ हे वळण सिद्ध झाले आणि १९८१ साली लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने ते वापरले. दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ मध्ये ‘इनपेज’ ही संगणकप्रणाली आणली, तेव्हा भारतातील उर्दू दैनिकांनाही ते आवाक्यात आले. काही वर्षांतच बोरू, पिवळा कागद, गुडघ्यावरची पाटी कचेऱ्यांतून गेली. मद्रासचे १९२७ पासूनचे ‘मुसलमान’ हे दैनिक तेवढे हस्तलेखनाचा आग्रह धरून राहिले म्हणून जगभरचे पत्रकार ते पाहायला येऊ लागले. दीड शतक ज्या अडचणीमुळे उर्दू छपाई मागे राहिली, ती अशी संपली. कातिबांची पुढची पिढी लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागली.

२०१० साली ‘मिड-डे’ समूहाचा वृत्तपत्र-व्यवसाय ‘जागरण’ समूहाकडे गेला आणि त्याबरोबर ‘इन्किलाब’ही. हिंदी पट्ट्यातील अग्रेसर हिंदी दैनिकाच्या घरी एक उर्दू दैनिक नांदू लागले. २०११ पासून दिल्ली व उत्तर प्रदेशातून त्याच्या आवृत्त्या निघू लागल्या. मराठी मुलखात वाढलेले पत्र उर्दूच्या माहेरी वर्गणीदार शोधत गेले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटते.

आता आपल्याकडे पाहतो. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात असताना आपली राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तोही अर्थात हिंदी राज्यातच. जांब नदीच्या दोन्ही काठांवर, संत्र्याच्या बागांत, बाजारात आपण मराठी बोलतो आणि अर्ज हिंदीत लिहितो. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे १२ लाख होते. मुंबईच्या उर्दू वाचकाची आणि आपली स्थिती अशी आरशातल्यासारखी आहे.

एक फरक मात्र आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. उर्दूची लिपी निराळी असल्यामुळे मूल ती शिकले नाही तर ते त्याच दिवशी घरात कळते. बाप वर्तमानपत्र पुढे करतो आणि मुलगा ते उलटे धरतो. आपली लिपी हिंदीचीच. आपले मूल मराठी अंक उघडते, अक्षरे वाचते, आणि ते मराठी वाचत आहे असे आपण धरून चालतो. घरात मराठी बोलणारी, हिंदी माध्यमातून शिकलेली मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांना मराठी उतारा वाचायला दिला तर ती अडखळत नाहीत. ओळीमागून ओळ वाचून दाखवतात, आणि त्यातले निम्मे त्यांना समजलेले नसते, हे मला प्रश्न विचारल्यावर कळते. वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीत ही घट दिसते, पण ती का झाली हे वहीत लिहिलेले नसते.

चाचांनी दिलेला ‘इन्किलाब’चा एक अंक माझ्याकडे राहिला आहे. कागद पिवळा पडला, घडीवर फाटला, पण शाई अजून काळीभोर आहे. या लेखाच्या निमित्ताने मागच्या महिन्यात तो मी वर्गात नेला. एका विद्यार्थ्याने तो डावीकडून उघडला आणि शेवटचे पान पहिले समजून पाहत बसला. सारे हसले. मग त्याच विद्यार्थ्याच्या हाती मी आपल्या वाचनालयातला एका मराठी मासिकाचा जुना अंक दिला आणि पहिला परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगितले. त्याने तो सफाईने वाचला. ‘सकाळी’ हा शब्द त्याने ‘सकाली’ असा वाचला, ‘वेळ’ हा ‘वेल’ असा, आणि या वेळी वर्गात कोणीही हसले नाही.